एका दिवसाचा चॅन्सेलर

मामांना जर-तरचा इतिहास सोसत नाही. नोकरीभर त्यांनी कॉलेजात इतिहास शिकवला. वर्गात कुणी ‘विश्वासराव वाचले असते तर...’ अशी सुरुवात केली की त्यांचं उत्तर ठरलेलं असे : आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, बस खाली. मी जाहिरात कंपनीत कॉपी लिहिते, म्हणजे त्यांच्या भाषेत साबणाची दवंडी पिटते. फिलिप के. डिक या अमेरिकन लेखकाच्या ‘द मॅन इन द हाय कॅसल’ या १९६२च्या कादंबरीवर मी लेख लिहायला घेतला होता. मसुदा मामांना वाचायला दिला. त्यांनी तो लाल पेनाने रंगवून परत आणला आणि मग आमची जी जुंपली ती मला लेखापेक्षा बरी वाटली. तीच देते आहे. चहाचे, गोळ्यांचे आणि मामीच्या ‘हळू बोला’चे व्यत्यय गाळले आहेत.

मामा : जर्मनी आणि जपान युद्ध जिंकले, अमेरिकेचे लचके तोडून वाटून घेतले, इथपर्यंत मी कसंबसं वाचलं. पण हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स जर्मनीचा चॅन्सेलर? कुणाच्या जिवावर?

मी : कादंबरीत हिटलर मेंदूच्या रोगाने खुळावून बाजूला पडलाय. बोरमन चॅन्सेलर आहे आणि कथा चालू असतानाच तो मरतो. आता गादीवर कोण? गोरिंग, हायड्रिख, फोन शिराख, गोबेल्स, सगळे टपलेले. सॅन फ्रान्सिस्कोत टागोमी नावाचा जपानी अधिकारी आहे. त्याला आणि त्याच्यासारख्या इतरांना एका बैठकीत बोलावून या उमेदवारांची माहिती एकेक करून वाचून दाखवतात. अमका असा, त्याने अमुक केलं, त्याच्या मागे अमुक लोक आहेत. आवाज न चढवता, सरकारी पद्धतीने. ऐकता ऐकता टागोमीच्या पोटात ढवळायला लागतं, भोवळ येते, त्याला तिथे बसवत नाही.

मामा : हा माणूस मला पटला. बाकीचे बसून राहिले असतील.

मी : राहिले. आणि पुढे गोबेल्सच गादीवर येतो.

मामा : अगं, तो खऱ्या इतिहासातही आला होता की. त्याला कादंबरी कशाला लागते? ३० एप्रिल १९४५ला हिटलरने बर्लिनच्या तळघरात स्वतःला संपवलं. मृत्युपत्रात चॅन्सेलर म्हणून नाव गोबेल्सचं. कारभार किती, तर एक दिवस. त्या दिवसात राज्यकारभार म्हणून जे काही केलं ते एवढंच, की जनरल क्रेब्सला रशियन सेनापती चुइकोव्हकडे पाठवून बोलणी करायचा प्रयत्न केला. रशियनांनी सांगितलं, बिनशर्त शरण या. १ मेच्या संध्याकाळी सहाच्या सहा पोरांना विष देऊन मारलं आणि मग नवरा-बायकोनेही जीव दिला. सिंहासन मिळालं ते असं. वर छताला हादरे बसताहेत आणि हा पंतप्रधान.

मी : म्हणूनच कादंबरी लागते. इथे साम्राज्यच बुडालं, त्यात सगळेच बुडाले. स्वयंपाकी बुडाले, टायपिस्ट बुडाले. प्रचारकाचं म्हणून काय झालं, ते त्यातून वेगळं काढता येत नाही. डिकने साम्राज्य शाबूत ठेवलं आणि मग बघितलं की नुसत्या बोलण्यावर वर चढलेला माणूस वर टिकतो का.

मामा : तो नुसत्या बोलण्यावर चढला, हे कुणी ठरवलं?

मी : बर्लिन बघा. १९२६ साली एकोणतीस वर्षांच्या या माणसाला पक्षाने बर्लिनचा प्रमुख करून पाठवलं. पायाने अधू, हायडलबर्गचा पीएचडी, कुणी न छापलेल्या नाटक-कादंबऱ्यांचे कागद उशाशी. बर्लिन म्हणजे समाजवादी आणि कम्युनिस्टांचा गड. तिथे पक्षाला कुत्रं विचारत नव्हतं. त्याने पुढच्याच वर्षी ‘डेर आंग्रिफ’ हे वर्तमानपत्र काढलं. शहराचे पोलीस उपप्रमुख बर्नहार्ड वाइस ज्यू होते, त्यांचं खरं नाव सोडून याने त्यांना ‘इसिडोर’ म्हणायला सुरुवात केली. अंकागणिक व्यंगचित्र, अंकागणिक टिंगल. वाइस कोर्टात जात, जिंकतही. पण प्रत्येक खटल्याची पुन्हा बातमी व्हायची आणि बातमीत पुन्हा इसिडोर. मग १९३०चा डिसेंबर. ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ हा युद्धविरोधी सिनेमा बर्लिनला लागला. गोबेल्स आपली माणसं घेऊन थिएटरात जाऊन बसला. अंधार झाला, सिनेमा सुरू झाला आणि त्या माणसांनी घाण वासाच्या कुप्या फोडल्या, खिशातून पांढरे उंदीर काढून खुर्च्यांखाली सोडले. किंचाळ्या, पळापळ, खेळ बंद. आठवड्याच्या आत सरकारने त्या सिनेमावरच बंदी घातली. मामा, माणूस नीच होता हे मान्य, पण धंद्यातली व्यक्ती म्हणून सांगते, एवढ्या कमी खर्चात एवढा मोठा परिणाम मी पाहिलेला नाही.

मामा : उंदरांचं कौतुक झालं असेल तर आकडे ऐक. १९२८च्या निवडणुकीत या पक्षाला २.६ टक्के मतं आणि १२ जागा. त्या बारांत गोबेल्स स्वतः होता. जीभ तीच, वर्तमानपत्र तेच, इसिडोर तोच. १९३०च्या सप्टेंबरात १८.३ टक्के, १०७ जागा. तुझे उंदीर त्यानंतरचे. म्हणजे उडी आधीच बसलेली होती. मधल्या दोन वर्षांत काय झालं? न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, अमेरिकन कर्जं परत मागितली गेली, जर्मन कारखाने बंद पडले. १९३२च्या सुरुवातीला साठ लाख बेकार. जुलैत ३७.३ टक्के. आणि खरी गंमत पुढे. नोव्हेंबर १९३२ला पुन्हा निवडणूक झाली, तेव्हा ते ३३.१वर घसरले. प्रचारमहर्षी तोच होता ना? मग घसरले कसे? आणि घसरत असतानाच, ३० जानेवारी १९३३ला, राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गने हिटलरला चॅन्सेलर केलं, कारण पापेनसारख्या चार खानदानी मंडळींना वाटलं की ह्याला आपण खिशात ठेवू. सत्ता अशी आली. दरबारातून आली.

मी : पण पोटात भूक असली तरी हात कुणाकडे पसरायचा ते कुणीतरी सांगावं लागतं. बेकार कम्युनिस्टांकडेही जात होते.

मामा : जात होतेच. म्हणून मी म्हणतो, प्रचारकाने पीक काढलं असेल, पाऊस त्याने पाडला नाही.

मी : आणि १९३३नंतर? १३ मार्चला त्याचं मंत्रालय निघालं. रेडिओ, सिनेमा, वर्तमानपत्रं, नाटकं, चित्रकला, सगळ्यांच्या चाव्या एका माणसाकडे. सरकारने कारखानदारांकडून स्वस्त रेडिओ करून घेतला, ७६ मार्कांना. १९३८ला त्याहून छोटा, ३५ मार्कांचा. लोक त्याला गोबेल्सचं थोबाड म्हणायचे. घराघरात त्याचं थोबाड बसवलं होतं, मामा! आज आम्ही ज्याला ‘रीच’ म्हणतो ते हेच.

मामा : आणि १ सप्टेंबर १९३९ला, लढाई सुरू झाली त्याच दिवशी, परदेशी रेडिओ ऐकणं हा गुन्हा ठरला. ऐकलेलं दुसऱ्याला सांगितलं तर थेट फाशीपर्यंतची शिक्षा. का गं? घराघरात थोबाड बसवलेलं असताना शेजारच्या लंडनची एवढी भीती का? ज्याचा माल खपतो तो दुसऱ्याच्या दुकानाला कुलूप लावत फिरतो का? मी माझ्या पोरांना हेच सांगायचो, की मंत्रालय बघताना त्याच्या मागे गेस्टापोची कचेरी उभी आहे ती आधी बघा. गोबेल्सचा शब्द लोकांना पटत होता की लोक गप्प बसत होते, हे बाहेरून सारखंच दिसतं.

इथे मला मामांचं म्हणणं निम्मं पटलं, पण तसं मी त्यांना लगेच सांगितलं नाही. आमच्या धंद्यात समोरच्याचं पटलं की दर कमी होतो.

मी : मग फेब्रुवारी १९४३चं भाषण कशात बसवाल? स्टालिनग्राडला जर्मन सैन्य शरण आलेलं. खरं तर त्या दिवशी त्याने तोंड लपवायला हवं होतं. त्याऐवजी १८ तारखेला बर्लिनच्या श्पोर्टपालास्टमध्ये हजारो लोकांपुढे उभा राहून तो दहा प्रश्न विचारतो. तुमचा विजयावर विश्वास आहे का? सर्वंकष युद्ध हवं का? आणि प्रत्येक प्रश्नाला अख्खं सभागृह उठून ओरडतं. पराभव सांगायला गेलेला माणूस टाळ्या घेऊन परत येतो.

मामा : सभागृहात कोण होतं? पक्षाने निवडून, आमंत्रणं देऊन आणलेले लोक. तुमच्यात याला काय म्हणतात?

मी : (थोडं थांबून) फोकस ग्रूप.

मामा : झालं तर. आणि त्या भाषणातून त्याला स्वतःला काय हवं होतं? हिटलरने घरगुती कारभार, मजूरभरती, सगळं आपल्या हाती द्यावं. मिळालं कधी? जुलै १९४४ला, हिटलरवर बॉम्ब फुटल्यावर. दीड वर्ष उशिरा. गाडी दरीत निम्मी गेल्यावर सुकाणू दिलं. हा तुझा सर्वशक्तिमान प्रचारक. १९३८मध्ये त्या झेक नटीच्या, लिडा बारोव्हाच्या पायी संसार मोडायला निघाला होता, तर मालकाने एका शब्दात गप्प केलं. परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप परदेशी प्रचार ओढून घेतोय, वृत्तप्रमुख डीट्रिख वर्तमानपत्रांना परस्पर सूचना देतोय. स्वतःचं सैन्य नाही, पोलीस नाहीत. डिकला हे ठाऊक नसावं.

मी : ठाऊक होतं. आधी तुम्हाला एक दाखवते. तुम्हाला जर-तरचा राग आहे ना? जर-तरचा सगळ्यात मोठा कारखाना गोबेल्सनेच काढला होता. ‘कोलबर्ग’.

मामा : (हसून) फाइट हार्लानचा सिनेमा. बोल, बोल.

मी : १९४३ साली त्याने हुकूम दिला की १८०७मध्ये नेपोलियनच्या सैन्याने वेढलेल्या कोलबर्ग या बंदराच्या गावावर सिनेमा काढा. रंगीत. पैशाला मर्यादा नाही. आघाडीवर माणसं कमी पडत असताना हजारो सैनिक एक्स्ट्रा म्हणून सिनेमात. गोष्ट अशी की नागरिक हटून बसतात, सेनापतीपेक्षा गावकरी शूर ठरतात, फ्रेंच वेढा उठवून जातात.

मामा : आणि प्रत्यक्षात प्रशिया ते युद्ध सपशेल हरला होता. टिल्झिटचा तह झाला म्हणून लढाई थांबली. गावाने तोवर तग धरला, इतकंच.

मी : म्हणजे त्याने हरलेल्या युद्धातून जिंकलेला सिनेमा काढला. ३० जानेवारी १९४५ला, सत्तेच्या वाढदिवशी, पहिला खेळ. एक प्रत विमानातून पॅराशूटने फ्रान्समधल्या ला रोशेलच्या वेढलेल्या जर्मन शिबंदीकडे टाकली. त्यांना दारूगोळा हवा होता, याने सिनेमा पाठवला! आणि मार्चमध्ये खरं कोलबर्ग पडलं. रशियन आणि पोलिश फौजांनी घेतलं. तेव्हा हा काय करतो? कोलबर्ग सोडल्याची बातमी युद्धपत्रकात येऊ देत नाही. स्वतःच्या रोजनिशीत तसं लिहून ठेवतो. कारण गाव पडलं असं सांगितलं तर सिनेमा पडणार.

मामा : आणि एप्रिलमधली गोष्ट राहिली. १७ तारीख असावी. रशियन तोफा बर्लिनच्या वेशीवर आणि हा मंत्रालयातल्या माणसांना जमवून सांगतो, की शंभर वर्षांनी आपल्या या दिवसांवर असाच सुंदर रंगीत सिनेमा निघेल. त्यात आपण कसे दिसावं ते आज ठरवा. प्रेक्षकांनी शिट्ट्या मारू नयेत, एवढं बघा. हाताखालच्या लोकांनी ते नोंदवलंय. म्हणजे आपल्याच मरणाचा सिनेमा तो आधीच बघत होता.

मी : मग आत्याबाईच्या मिशा कुणी काढल्या?

मामा : थांब. त्याच्याही आधीची मिशी तुला सांगतो. फ्रेडरिक द ग्रेट सात वर्षांच्या युद्धात पार टेकीला आला होता. १७६२मध्ये रशियाची राणी एलिझाबेथ मेली, नवा झार फ्रेडरिकचा भक्त निघाला, युद्ध फिरलं. गोबेल्स ही गोष्ट कार्लाइलच्या पुस्तकातून हिटलरला वाचून दाखवायचा. आपलीही कुणीतरी राणी मरेल, म्हणून वाट बघायचा. १२ एप्रिल १९४५ला अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट गेले. बातमी ऐकताच त्याने शॅम्पेन मागवली आणि हिटलरला फोन केला, की झाला चमत्कार. तीन आठवड्यांनी दोघेही नव्हते. ट्रुमनने एक रणगाडा मागे घेतला नाही.

मी : मामा, मग आता डिक काय करतो ते ऐका. त्याच्या जगात इतिहास कुठे वळलाय? रूझवेल्टच्या मरणावर! फक्त बारा वर्षं आधी. १५ फेब्रुवारी १९३३, मायामी. झांगारा नावाच्या माणसाने रूझवेल्टवर पिस्तूल झाडलं. खऱ्या इतिहासात गोळी शिकागोचे महापौर सर्माक यांना लागली आणि ते गेले. डिकच्या जगात झांगारा चुकत नाही. मग अमेरिका मंदीतून सावरत नाही, तयारी करत नाही, युद्ध हरते. म्हणजे गोबेल्सने तळघरात ज्याच्यावर पैज लावली, तीच पैज डिकने त्याला जिंकवून दिली. रूझवेल्ट मेला, साम्राज्य वाचलं, गोबेल्स गादीवर. त्याने मागितलेलं सगळं दिलं आणि म्हणाला, आता दाखव.

मामा काही वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी कपाटाकडे बोट केलं. तिथे जयंत नारळीकरांच्या कथा होत्या, हे मला आधीच माहीत होतं. मी मुद्दामच वाट बघत होते.

मामा : ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ मी वाचलेली आहे, हसू नकोस. इतिहासाचा प्राध्यापक भलत्याच जगात जाऊन पडतो आणि आधी काय करतो? ग्रंथालयात जातो. कुठल्या पानावर इतिहास बदलला ते शोधतो. विश्वासरावांच्या कानाजवळून गोळी सटकली, लागली नाही, मराठे जिंकले. तिथेही एक गोळीच. पण नारळीकर त्याला कारण देतात, विज्ञानाची बैठक देतात, म्हणून मी ते चालवून घेतो. आणि त्यांचा माणूस पुरावा म्हणून भाऊसाहेबांच्या बखरीचं पान खिशात घालून परत येतो. डिकचा कुणी पुरावा आणतो का?

मी : त्याच्याकडे पुस्तकच आहे. कादंबरीच्या आत एक लेखक आहे, अबेंडसेन. त्याने कादंबरी लिहिलीय की जर्मनी आणि जपान हरले असते तर. जर्मनांच्या ताब्यातल्या मुलखात तिच्यावर बंदी, जपान्यांच्या मुलखात लोक उघड वाचतात. आणि जर्मन वकिलातीतला मोठा अधिकारीही ती चोरून वाचतो, संतापतो, पण पुस्तक खाली ठेववत नाही. चॅन्सेलर झालेल्या प्रचारकाच्या साम्राज्याला सगळ्यात जास्त धास्ती कशाची, तर एका जर-तरच्या कादंबरीची.

मामा : हं. बखरकार जिंकलेल्यांकडे असला की पोसला जातो आणि नीरस लिहितो. भाऊसाहेबांची बखर वाचवते ती हरल्याची आहे म्हणून.

मी : माझा मुद्दा तोच आहे. प्रचारकाचं भांडवल म्हणजे शत्रू. वाइस, कम्युनिस्ट, ज्यू, चर्चिल, बोल्शेविक, रोज एक नवा. जिंकल्यावर शत्रू संपतो. मग करायचं काय? डिकचा गोबेल्स काय करतो? त्याच्या गटाची एक योजना आहे, डँडेलियन नावाची. जपानवरच, म्हणजे दोस्तावरच, अणुबॉम्ब टाकायचे. शत्रू उरला नाही तर मित्रातून तयार करायचा. त्याला विजय परवडत नाही. विजय हाच त्याचा अस्त आहे, आणि तो लांबवायला त्याला नवी लढाई लागते.

मामा : सुबक आहे. म्हणूनच मला संशय येतो. रॉबर्ट हॅरिसचं ‘फादरलँड’ वाचलंयस ना? १९६४चं बर्लिन, हिटलर पंचाहत्तर वर्षांचा होतोय, अमेरिकेचा अध्यक्ष भेटीला येणार. तिथे जिंकलेल्या साम्राज्याला रोज नवा शत्रू लागत नाही. एकच काम लागतं, युरोपातले ज्यू कुठे गेले हे कुणी विचारू नये. ज्यूंच्या संहाराची आखणी झाली त्या वान्झेच्या बैठकीला हजर असलेले एकेक म्हातारे मारले जाताहेत, कारण तेवढेच साक्षीदार. शांतता हाच तिथला प्रचार. आणि ती वीस वर्षं टिकते. तुझ्या शत्रूच्या सिद्धान्ताचं काय?

मी : तुम्ही जर-तरच्या कादंबऱ्या वाचता हे मला ठाऊक नव्हतं.

मामा : खऱ्या वान्झेबद्दल बोलतो, म्हणजे तुझं समाधान होईल. २० जानेवारी १९४२. पंधरा माणसं. गृह, न्याय, परराष्ट्र, पोलीस, व्यापलेला पोलंड, सगळ्यांचे प्रतिनिधी. प्रचारमंत्रालयाचा कुणी नाही! राज्याने केलेलं सगळ्यात मोठं काम, आणि प्रचारकाच्या माणसावाचून काही अडलं नाही. कारण ते काम सांगायचं नव्हतं, लपवायचं होतं, आणि लपवायला कारकून पुरतात. इतिवृत्ताच्या तीस प्रती काढल्या. युद्धानंतर एकच सापडली, सोळावी, परराष्ट्र खात्याच्या फायलीत. ती नष्ट झाली असती तर हॅरिसची कादंबरी ही कादंबरी राहिली नसती.

मी : पण गोबेल्सला माहीत होतं.

मामा : माहीत होतं. २७ मार्च १९४२च्या रोजनिशीत पोलंडमध्ये ज्यूंचं काय चाललंय हे त्याने लिहिलंय, किती जणांना मारून टाकणार आणि किती कामाला ठेवणार याच्या अंदाजासकट. मला त्या माणसाचं नवल वाटतं ते इथे. जगापुढे तपशिलाचा एक शब्द नाही आणि रोजनिशीत सगळं. शेवटी शेवटी त्या हजारो पानांचे काचपट्ट्यांवर फोटो काढून घेतले, बर्लिनबाहेर पुरून ठेवले. आपल्यामागे कुणीतरी वाचावं म्हणून. रशियनांनी ते मॉस्कोला नेले आणि १९९२ साली एल्के फ्रोलिश या जर्मन संशोधक बाईंनी तिथल्या दप्तरखान्यातून शोधून काढले. आज आपण त्याच्याविरुद्ध जे काही बोलतो त्यातलं निम्मं त्याच्याच हातचं आहे. प्रचारक म्हणे!

मी : आणि लोक त्याच्या नावावर खपवतात ते वाक्य मात्र त्याचं नाही. खोटं शंभर वेळा सांगितलं की खरं वाटतं, हे.

मामा : त्याच्या लिखाणात कुठेही सापडत नाही. १९४१ साली त्याने लिहिलं ते उलटं, की इंग्रज मोठं खोटं बोलतात आणि त्यालाच चिकटून राहतात. आपल्याकडे निवडणूक आली की प्रत्येक पक्ष दुसऱ्याला गोबेल्स म्हणतो आणि हेच वाक्य फेकतो. एकदा एका व्याख्यानात मी हे सांगितलं, तर अध्यक्षांनी आभार मानताना पुन्हा तेच वाक्य गोबेल्सच्या नावावर म्हटलं.

मला हसू आवरेना. मामा हसले नाहीत, त्यांचा चहा गार झाला होता.

मामा : डिकच्या पुस्तकात शेवटी पडतो का तो?

मी : लेखकाने सांगितलेलं नाही. एक भला जर्मन अधिकारी आहे, वेगेनर. तो चोरून जपान्यांना डँडेलियनची खबर देतो. मग प्रश्न येतो, हे थांबवणार कोण? जर्मनीत या योजनेला विरोध कुणाचा आहे? हायड्रिखचा. एसएसचा. म्हणजे बोलभांडाला आवरायचं तर कसायाची मदत मागायची. टागोमीसारखा माणूस ते ऐकून कोलमडतो. वेगेनर मात्र बर्लिनला जातो आणि तेच करतो. पुढचं पान कोरं.

मामा : मग मी म्हणतो तेच झालं. बंदुका हायड्रिखकडे. खरा हायड्रिख १९४२लाच प्रागमध्ये मेला हे सोड. पण तुझ्या लेखकालाही शेवटी मान्य करावं लागलं की मायक्रोफोनला हरवायचं तर लाठी लागते, आणि मायक्रोफोनला गादीवर बसवायलाही कुणाची तरी लाठी लागली असणार.

मी : आणि मी म्हणते तेही झालं. हायड्रिखने काही केलं नसतं तर गोबेल्सने जग जाळलं असतं. नुसत्या बडबड्याला कुणी एवढं घाबरत नाही.

मामा : ठीक. दोघांचं राहू दे. मला सांग, या सगळ्यात तू कुठे बसतेस? गोबेल्स तू नाहीस. एवढी तुझी योग्यता नाही.

मी : (राग आला तरी) हान्स फ्रित्शे.

मामा : मला वाटलंच.

फ्रित्शे म्हणजे रेडिओवरचा आवाज. मंत्रालयातल्या रेडिओ खात्याचा प्रमुख, नेहमीचा समालोचक. न्यूरेंबर्गच्या मोठ्या खटल्यात गोबेल्स मिळाला नाही म्हणून पिंजऱ्यात उभा केला गेला, असं बरेच जण मानतात. त्याच पिंजऱ्यात ‘डेर श्ट्युर्मर’ या ज्यूद्वेष्ट्या पत्राचा संपादक युलिउस श्ट्राइखर होता. श्ट्राइखर १९४६च्या ऑक्टोबरात फासावर गेला आणि फ्रित्शे निर्दोष सुटला. रशियन न्यायाधीशाने त्यावर असहमती नोंदवली. पुढे जर्मन न्यायालयाने त्याला नऊ वर्षं मजुरीची शिक्षा दिली, १९५०ला सोडला, आणि तीन वर्षांत तो मेला.

मी : मला सुटका पटते. तो धोरण ठरवत नव्हता. त्याला कागद यायचा, तो वाचायचा, थोडी आपली भर घालायचा.

मामा : भर घालायचा ना? मग पटत नाही.

मी : मामा, क्लायंटचा ब्रीफ मीही बदलत नाही.

मामा : साबणाने माणसं मेल्याचं ऐकिवात नाही, म्हणून तू माझ्या घरी चहा पितेस. (मग जरा मवाळ होऊन) तुझ्या लेखात याला घे. डिकने याला घेतलं नाही, ती त्याची उणीव. जिंकलेल्या साम्राज्यात चॅन्सेलर गोबेल्स, आणि एके सकाळी हायड्रिखची माणसं त्याला उचलतात. रेडिओवर बातमी कोण सांगणार?

मी : फ्रित्शेच. त्याच आवाजात.

मामा : काय सांगेल?

मी : प्रकृतीच्या कारणास्तव...

मामा : चुकलीस. तुझ्या धंद्याला शोभत नाही. ऑक्टोबर १९४४ला आपल्याच सेनापतीला, रोमेलला विषाची कुपी दिली आणि सांगितलं, तू घे नाहीतर खटला. त्याने घेतली. जगाला काय सांगितलं? युद्धात झालेल्या जखमांनी मृत्यू. उल्म गावात सरकारी इतमामाने अंत्ययात्रा काढली, हिटलरचं पुष्पचक्र, फील्डमार्शल रुंडस्टेटचं भाषण. तसं लिही. गोबेल्सची अंत्ययात्रा बर्लिनमध्ये, दुतर्फा गर्दी, झेंडे अर्ध्यावर, आणि मजकूर त्याच्याच मंत्रालयात, त्याच्याच हाताखाली तयार झालेल्या माणसाने लिहिलेला.

मी : शब्दमर्यादा संपली आहे, मामा.

मामा : मग उंदीर काढ. तिथे बरीच जागा खाल्लीय त्यांनी.